बीट म्हणजे काय

"चार पायांवर चाल," जंगल खात्याचा नाकेदार म्हणाला. "साहेबाले वाघ पाह्याचा होता. तू सोडला. आता तूच दाखव."

माझा बाप वाकला. डाकबंगल्याच्या अंगणात, हात मातीत टेकवून. सकाळभर हाक्यात, म्हणजे वाघाला ओरडून मचाणाकडे हाकलण्यात, त्याचा घसा बसला होता. मचाणावरून उतरलेले चांद्याचे शिकारी पाहुणे खुर्च्यांवर चहा पीत होते.

"आवाज काढ ना!"

बापानं काढला. सगळे हसले. एका बाईनं फोटो घेतला.

मी तिथंच होतो. हाक्यात वाजवायचा डबा हातात. एका पोरीचा बाप असलेला गडी मी. हललो नाही.

वाघ बापाच्या बाजूनं निसटला होता. साहेब म्हणाले होते, "बॅड बीट." परतताना मी विचारलं, "नाकेदार भाऊ, हे बीट काय असते?"

तो खुशीत होता. "तुमचं गाव माह्या बीटात हाये. म्हंजे माह्या हद्दीत. म्हणून बीटले, म्हंजे हाक्याले, यावंच लागते. नाई आले का..." त्यानं वेताची काठी उचलली. "हेबी बीटच. मारणं. इंग्रजीत एकच शब्द हाये."

आदल्या वर्षी आम्ही पहिल्यांदा मत टाकलं होतं. पण गाव जंगल खात्याचं. धान पिकतं ती बांधी खात्याची. झोपडीचं लाकूडसुद्धा. जायचं कुठं? एका शब्दात आम्ही सगळे कोंडलेले.

अंगणातली ही गोष्ट गावभर झाली. आठ दिवसांत माझी पोर माझ्या बापाच्या गळ्यात पडली. "आजा, वाघ बन ना!"

बाप माझ्याकडे पाहत राहिला. मला तिथं बसवेना.

धान कापून झालं आणि नाकेदार पुन्हा आला. "उद्या बीट हाये. बापलेक दोघंबी."

"मी येत नाई. बाबाबी येणार नाई."

"काऊन? बीटात राह्याचं नाई का?"

"राह्याचं हाये. हाक्याले येत नाई."

काठी खांद्यावर बसली. मग पाठीवर. बायको आतून ओरडली. मी हात आडवा केला नाही.

"मार. येत नाई."

झोपडी मोडतो असं धमकावून तो गेला. दुसऱ्या दिवशी बाकी गाव हाक्याला गेलं. कोणी माझ्याकडे पाहिलं नाही. मी दारात बसून होतो, पाठ ठणकत होती. झोपडी मोडली तर याच जागी पुन्हा बांधीन. पण कोणाच्या शिकारीसाठी माझ्या घरातला माणूस आता ओरडणार नाही.