ओटीत गेलेलं कार्ड

"मीठ माह्याकडून जास्त पडलं, भाजीले नावं ठेवू नका." पहिला घास तोंडात जायच्या आतच मावशी हे जाहीर करायची. बहुतेक वेळा मीठ बरोबरच असायचं. तरी आम्ही पाणी मागायचो, तिचं मन राखायला.

तुमच्याही ओळखीत अशी एखादी असेल, स्वतःची चूक चारचौघांत आपणहून सांगणारी. मावशी अंगणवाडीत मदतनीस होती तेव्हाची गोष्ट. सुपरवायझरबाई तपासणीला आल्या. त्या खुर्चीत बसल्याही नव्हत्या, तोच मावशी म्हणाली, "बाई, आज खिचडी खाली लागली. माह्यं ध्यान नव्हतं." सेविकेने कपाळाला हात लावला.

नांदुऱ्याजवळच्या आमच्या गावात आमच्या महिला गटाची खोली तिच्या घरासमोरच. मी पत्रकं लिहायचे, ती घड्या घालायची आणि घालता घालता वाचायची.

"'विधवांचा मंगल प्रसंगी सन्मानपूर्वक सहभाग' म्हंजे काय वं?"

"म्हणजे विधवेनंही ओटी भरायची, मावशी."

"मंग तसं लिही ना. एवढा फेरा काऊन मारतं?"

ती स्वतः विधवा. नवरा गेल्यापासून तिला कुणी हळदीकुंकवाला बोलावलं नव्हतं.

शेजारची सून पहिल्या बाळंतपणाला माहेरी, दुसरबीडला, निघाली. अंगणात बाया जमल्या. मावशी आपल्या दारातूनच पाहत होती. सुनेने हाक मारली, "मावशी, या ना. तुम्ही भरा माही ओटी."

सासूने तोंड फिरवलं. मावशी आत धावली, गव्हाच्या कोठीत तांब्या बुडवला आणि भरलेला तांब्या तसाच सुनेच्या पदरात पालथा केला. डोळे इतके भरले होते, की समोरचं तिला दिसतच नव्हतं. सुनेने पदराला गाठ मारली. ही गाठ माहेरी पोचल्यावर दुसऱ्या दिवशीच सोडायची, अशी आमच्या आळीतली रीत.

नवऱ्याच्या पेन्शनचं एटीएम कार्ड मावशी त्याच गव्हात खुपसून ठेवायची. चोर पेटी फोडतो, गहू उपसत नाही, असं तिचं म्हणणं.

दुसऱ्या दिवशी कार्ड सापडेना. तिने सगळी कोठी चादरीवर रिकामी केली. बँकेने कार्ड बंद केलं आणि नव्यासाठी पोलिसांचा कागद आणायला सांगितला. ती एकटीच ठाण्यात गेली.

"हरवलं की चोरीले गेलं?" हवालदाराने विचारलं.

"घराबाहीर गेलंच नाही, त हरवन कुठं?"

"म्हणजे चोरी. घरात कोण कोण येते?"

तिने येणाऱ्या सगळ्यांची नावं सांगितली. दूधवाल्याचं, माझं आणि सुनेचंही. कुणावर संशय म्हणून नाही. त्यांनी विचारलं म्हणून.

संध्याकाळी सुनेचा फोन आला, हसत हसत. "मावशी, ओटी सोडली त त्याच्यातून तुमचं कार्ड निघालं! पोरगं आतापासूनच पेन्शन मांगून राह्यलं!"

मावशीही हसली. मग फोन हातात घेऊन खाली बसली. "वं पोरी, मी त चोरी लिहून आली."

तोवर पोलीस सुनेच्या सासरी चौकशी करून गेले होते. सासू ओट्यावर उभी राहून म्हणत होती, "कार्ड तिच्यापाशीच निघालं न? मंग?" कागदावर चोरीची तक्रार आणि चोरीची वस्तू सुनेकडे. चोर ठरवायला लोकांना आणखी काय लागतं?

मावशीला सगळ्यांनी भेदरवून सोडलं. तक्रार खोटी होती म्हणशील तर तूच आत जाशील. पुण्याहून मुलाचा फोन आला, "आई, तू गप्प राह्य. मिटते आपोआप." मिटतं ते कुणाचं, हे त्याला विचारायला हवं होतं. मी तिला कायदा सांगितला. खोटं आहे हे माहीत असून केलेली तक्रार हा गुन्हा. चुकून केलेली नाही.

"आन साहेबानं नाही मानलं त?"

"तर त्रास होईल, मावशी."

"हाव," ती म्हणाली आणि चपला घातल्या. मी सोबत गेले.

ठाण्यात ती बसलीसुद्धा नाही. "कार्ड म्याच तिच्या ओटीत घातलं. चोरी म्याच म्हणली. चुकलं. लिहा."

"मावशी, उलटी केस तुमच्यावर होईल."

"होऊ द्या. तिच्यावर नको."

दिवसभर बसवून ठेवून शेवटी तिचा जबाब घेतला. पुढे पोलिसांनी कोर्टात अहवाल दिला, की तक्रार गैरसमजातून झाली. मावशीवर केस नाही, सुनेवर नाही. आम्ही पेढे आणले.

पेढे आणायची घाई झाली. कायद्याने सुनेला सोडलं, सासरने सोडलं नाही. मुलगी झाली, बारसं माहेरीच झालं, आणायला कुणी गेलं नाही. आधी 'चोर' म्हणत होते. पोलिसांच्या अहवालाचा कागद मी दाखवला, तर म्हणाले, "रांडमुंडीच्या हातची ओटी, दुसरं काय होनार?" सुनेचा नवरा मान खाली घालून मोबाईल बघत होता. मावशी त्यांच्या दारात उभी राहून सांगायची, "चूक माही हाय, पोरीची नाही." आयुष्यभर चूक कबूल केली की तिचं भागत आलं होतं. इथे ती कबुली कुणालाच नको होती. मग त्यांनी दार लावून घ्यायला सुरुवात केली.

मावशी हिवाळ्यात गेली. सून अजून दुसरबीडलाच आहे, एका कापडाच्या दुकानात कामाला जाते.

जाण्याआधी मावशीने एकदा मला दुसरबीडला नेलं. सून धावतच बाहेर आली आणि बाळ तिच्यापुढे धरलं. "घ्या न मावशी."

मावशीने दोन्ही हात पाठीमागे नेले. "माह्या हातानं नको, माय."

"असं काय करता? घ्या!"

"नको."

ती नुसती वाकली आणि बाळाच्या टाळूचा वास घेतला. बाळाने तिचं नाक मुठीत पकडलं. मावशी तशीच वाकून उभी राहिली, हात मागे बांधून, बाळ आपणहून सोडेपर्यंत.