माहितीच्या दोन तारा

काल हिंगोलीच्या एका ऑफिसात उसन्या वायरीनं फोन कॉम्प्युटरला लावला आणि पडद्यावर प्रश्न उमटला : नुसतं चार्जिंग, की फायलीही द्यायच्या? झालं, मला वसमतचा तो गणपतीचा मांडव आठवला. एकपात्री स्पर्धेसाठी मी महिनाभर खपून नवाकोरा कार्यक्रम बसवला होता, फोनवर रेकॉर्डही केला होता. आदल्या दिवशी शाळेपासूनचा दोस्त म्हणाला, "बॅटरी संपून राहिली ना तुझी? लाव माझ्या लॅपटॉपला. तवर च्या घे." मी चहा घेतला, वर गरम भजी हाणली, तेवढ्यात फोनवरच्या याच प्रश्नाला माझ्या वतीनं त्यानं 'फायलीही' असं उत्तर देऊन टाकलं. स्पर्धेत त्याचा नंबर माझ्या आधी होता. उदबत्त्यांचा धूर, डोळे दिपवणारे दिवे, आणि त्याच्या तोंडून माझं पहिलं वाक्य! मग दुसरं, तिसरं, माझा खोकलासुद्धा! रेकॉर्डिंग चालू असताना बायको स्वयंपाकघरातून ओरडली होती, "अवं, दूध उतू चाललंय!" गड्यानं तेही हुबेहूब म्हटलं, आणि मांडव सगळ्यात जास्त तिथंच हसला. शेजारी बसलेल्या बायकोनं मला कोपर मारलं, "अवं, ही तर मी हाय!" माझं नाव पुकारलं, पण मी उठलोच नाही. नंतर तो जवळ येऊन म्हणाला, "काहून रागावला? दोस्ताचंच घेतलं ना?" घरी जाऊन मी माझ्या वायरीतल्या चार तारांपैकी माहिती नेणाऱ्या दोन्ही तारा कापल्या, तिच्यातून आता फक्त वीज जाते. तो अजूनही येतो, नवा किस्सा मागतो. मी चहा पाजतो आणि ऊन-पावसाचं बोलतो.