नव्या रंगाचं जुनं बदक

हॅमिल्टनच्या रविवारच्या बाजारात एक म्हातारा जुनी हत्यारं विकायला बसतो. शेजारी त्याच्या आजोबांनी कोरलेलं लाकडी बदक असायचं. खरी बदकं भुलून उतरावीत म्हणून शिकारी पाण्यात सोडतात, तसलं. मी अशी बदकं जमवतो. माझा जीव त्याच्या पोपडे निघालेल्या मूळ रंगावर जडला होता. वर्षभर मागे लागलो. म्हातारा अंगठ्याने त्याची चोच चोळायचा आणि मान हलवायचा.

गेल्या रविवारी एकदाचा तयार झाला. बदक माझ्या हातात देत म्हणाला, "तुझ्या घरी जाणार, मग असं कळकट कसं पाठवू? काल दिवसभर बसून रंगवलं."

कपाळ माझं! ओरडायला तोंड उघडलं, तर तो लेक सासरी धाडल्यासारखा बदकाकडे बघत होता. माझा तळवा हिरवागार झाला होता आणि मी म्हणत होतो, "वा, सुंदर झालंय!"