लाउंजमधली उठवणारी

आमच्या लाउंजमध्ये विमानांच्या घोषणा होत नाहीत. साहेब लोकांना शांतता हवी असते म्हणे. शांतताही हवी आणि विमानही चुकायला नको! मग पहाटेची विमानं पकडायला आलेली ही माणसं खुर्च्या मागे रेलून घोरायला लागली की त्यांना उठवायचं कुणी? आमच्या ताईनं.

तसं तिचं काम टेबलं पुसायचं. पण हे उठवायचं काम कधीतरी तिच्या गळ्यात पडलं ते पडलंच. ज्याला झोपायचंय तो तिला आपलं विमान सांगतो, आणि ती त्याच्या बाजूच्या तिपाईवर एक कप पालथा घालून ठेवते. पालथा कप दिसला की आम्ही समजायचं, हे ताईचं गिऱ्हाईक. पाहुण्यांच्या अंगाला हात लावायचा नाही असा नियम आहे, म्हणून ती खुर्चीच्या लाकडावर टकटक करते आणि म्हणते, "वेळ झाली." कुणी दचकतं, कुणी तिच्यावरच खेकसतं. एकानं तर झोपेत बायको समजून "जरा गप्प बस गं" असं सुनावलं होतं. पण ताईच्या भरवशावर झोपलेल्या कुणाचं विमान आजवर चुकलेलं नाही. ती स्वतः मात्र कधी विमानात बसलेली नाही. मी तरी कुठे बसलेय म्हणा.

माझं काम कॉफीच्या यंत्राचं आणि उष्ट्या कपबशांचं. रात्रपाळी संपत आली की पायांचे तुकडे पडतात, कुणी हसून "गुड मॉर्निंग" म्हणालं तरी डोकं फिरतं. त्यात मध्यंतरी काही दिवस ताईचं तोंड बघवत नव्हतं. तिचं आणि तिच्या लेकीचं बिनसलं होतं.

घरात त्या दोघीच. मुलगी दातांच्या कवळ्या बनवायला शिकलेली, हातात भारी कसब, आणि तिला परदेशात तसल्याच कामाची नोकरी लागली. ताई म्हणाली, "का? इथल्या म्हाताऱ्यांना सगळे दात आहेत का?" मुलगी म्हणाली, "दात नाहीत, पण नोकऱ्याही नाहीत." त्यावरून जे वाजलं ते वाजलंच. मग अबोला. एकाच खोलीत एक रांधते, दुसरी जेवते, आणि दोघी हूं की चूं करत नाहीत.

मुलीचं विमान आमच्या पाळीतल्याच एका पहाटेचं होतं. मी म्हटलं, "अगं, सुट्टी घे, सोडायला जा तिला." तर म्हणते, "माझी ड्यूटी आहे." म्हटलं, "ड्यूटी गेली खड्ड्यात!" पण ऐकेल तर शपथ.

आणि आली की पोरगी! बँकेच्या कार्डावर इथे येता येतं, तशी पाठीला बॅग लावून सरळ आत. आईकडे बघितलंसुद्धा नाही. माझ्याकडून कॉफी घेतली. डोळे सुजलेले, केस कसेतरी बांधलेले.

"काही खाल्लंस का गं?" मी विचारलं.

"नको मावशी. रात्रभर झोपच नाहीये, खावंसं वाटत नाही."

खिडकीजवळच्या खुर्चीत बसली, कॉफी संपवली आणि कप स्वतःच्या हातानं तिपाईवर पालथा घातला. मग डोळे मिटले.

ताईनं ते लांबून पाहिलं. मग आत्ताच पुसलेलं टेबल तिनं पुन्हा पुसायला घेतलं.

भिंतीवरच्या पडद्यावर मुलीच्या विमानापुढे 'बोर्डिंग' लागलं. ताईनं त्याच विमानाच्या एका टकल्या गृहस्थाला उठवलं, मग एका जोडप्याला उठवलं. शेवटी मुलीच्या खुर्चीपाशी गेली आणि नुसतीच उभी राहिली. मला वाटलं, काय बोलायचं ते ठरवत असेल. बशा गोळा करायच्या निमित्तानं मी जवळ गेले.

"उठव की," मी हळूच म्हटलं.

"थांब जरा."

"थांब काय? पडद्यावर बघ."

"बघितलंय. गेलं तर जाऊ दे. एक विमान गेलं म्हणून आभाळ कोसळत नाही. इथंच मिळेल तिला काहीतरी." तिनं हातातल्या फडक्याला पीळ घातला. "मी घरी गेल्यावर दार कोण उघडणार गं मला? कुलूप?"

कित्येक दिवसांत ती पहिल्यांदाच एवढं सलग बोलली, तेही झोपलेल्या पोरीच्या उशाशी. मला तिचा रागच आला. म्हटलं, "अगं बाई, तिच्या आयुष्याचा प्रश्न आहे! तू उठवतेस का मी उठवू?"

"तू मध्ये पडू नकोस."

आणि उभीच. इकडे पडद्यावरची अक्षरं लाल झाली, म्हणजे शेवटची सूचना. खरं सांगते, मी ओरडणारच होते.

तेवढ्यात ताईनं वाकून मुलीच्या गालावर हात ठेवला. नियमबियम गेला उडत. "ऊठ गं राणी," ती म्हणाली, "वेळ झाली."

मुलीनं डोळे उघडले. उठून आईला अशी मिठी मारली की दोघी तिपाईवर आपटता आपटता राहिल्या.

"जाऊ ना?"

"जा. पळ आता. आणि पोचल्या पोचल्या फोन कर, नाहीतर माझ्याशी गाठ आहे!"

पोरगी बॅग उचलून पळाली. दारातून वळून बघायलाही तिला वेळ नव्हता.

मी ताईला त्याच खुर्चीत बसवलं, पाणी दिलं. आम्हाला तिथे बसायला बंदी आहे, पण कुणी काही बोलायची हिंमत केली असती तर मी बघूनच घेतलं असतं. पाणी पिऊन ती म्हणाली, "तुला ती झोपेतून उठल्यासारखी वाटली का गं?"

खोटं बोलले असते तर बरं झालं असतं. पण जीभ वळेना. "नाही," मी म्हटलं. "जागीच होती."

"म्हणजे सगळं ऐकलं तिनं."

"ऐकलं."

"आणि तरी डोळे मिटून पडून राहिली." ताई पडद्याकडे बघत होती. तिथे आता मुलीचं विमान नव्हतं. "माझ्यावरच सोडलं होतं गं तिनं. मी नुसतं उठवलं नसतं, तर राहिली असती ती."