न पाहिलेल्या बापाला पाजलेली दारू

एका माणसाला मी न बघता दारुडा ठरवलं. तो दिसतो कसा, करतो काय, मला काही माहीत नव्हतं. तरी तो रोज संध्याकाळी पिऊन येतो, बायकोशी भांडतो आणि भरलं ताट फेकतो, असं मी सुवाच्य अक्षरात लिहिलं, शीर्षकाखाली हिरव्या पेनने रेघ मारली आणि फाइल जमा केली.

तेव्हा मी बी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. मोताळ्याकडच्या एका गावातल्या शाळेत आम्हा सहा जणांना छात्रसेवेला पाठवलं होतं. तास घ्यायचे, पाठ टाचणं काढायची, आणि शेवटी एका ‘समस्याग्रस्त’ विद्यार्थ्याचा व्यक्ती अभ्यास लिहायचा. त्यासाठी मुलाच्या घरी जायचं, आईबापाशी बोलायचं, असा नियम होता. आम्ही मात्र मधल्या सुट्टीत स्टँडवर कचोरी खायला जायचो ते थेट शेवटच्या तासाला उगवायचो. व्यक्ती अभ्यासाची काळजी नव्हती, कारण एक जुनी फाइल आमच्या कॉलेजात वर्षानुवर्षं फिरत होती. तिच्यातला बाप दारुडा, आई मजूर, मूल अबोल. दर वर्षी मुलाचं नाव बदलायचं, दारू तीच. शेवटी लिहायचं, ‘समुपदेशन केले, सकारात्मक बदल दिसून आला.’

मला फक्त एक नाव पाहिजे होतं. आठवीच्या हजेरीत एका मुलीच्या नावापुढे दर महिन्याला चार-पाच दिवस गैरहजेरी दिसली. पत्ता विहारामागच्या वस्तीचा. इथे खरं सांगून टाकतो, जरी ते सांगताना आजही स्वतःच्या मुस्काटात द्यावीशी वाटते. अशा गैरहजेरीच्या पोरी त्या पानावर आणखीही होत्या. त्यांतली एक सरपंचाची पुतणी. तिच्या बापाला दारू पाजायची माझी छाती झाली नाही. हिचं आडनाव वाचलं, वस्ती वाचली आणि वाटलं, इथे खपून जाईल.

आणि खपलं. कोणालाच शंका आली नाही. आमच्या मार्गदर्शक मॅडमनी लाल शाईत ‘उत्तम निरीक्षण’ असा शेरा दिला आणि फाइल मोठ्या कौतुकाने हेडसरांना दाखवली. हेडसर तेव्हा शिष्यवृत्ती परीक्षेच्या जादा वर्गाची यादी करत होते. वीस जागा. ती मुलगी घटक चाचणीत वर्गात दुसरी होती, म्हणून तिचं नाव वरच होतं. माझी फाइल वाचून त्यांनी ते खोडलं. एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. त्यांनी भर वर्गात तिला सांगितलं की नव्या सरांच्या फाइलीत सगळं आलंय, बाप दारू पितो, तुझ्या घरी असं वातावरण, तुला हा अभ्यास झेपायचा नाही, दुसऱ्याला संधी मिळू दे.

दुसऱ्या दिवशी परिपाठ संपायच्या आत तिची आई शिक्षकांच्या खोलीच्या दारात उभी. आवाज चढवला नाही. म्हणाली, “माह्या नवऱ्याले दारू पाजणारा सर कोणता हाय?”

आम्ही सहाही जण तिथेच बसलो होतो. पाच जणांनी माझ्याकडे पाहिलं. मैत्री असावी तर अशी.

“आमच्या घरी कोन्या दिवशी आले होते तुमी?”

मी उठून उभा राहिलो. तेव्हा तरी तोंड बंद ठेवावं ना. म्हणालो, “यायचंच होतं, काकू.”

“दारू लिवून झाल्यावर?”

मग तिनेच सांगितलं. नवरा वायरमन. आयुष्यात थेंबाला शिवला नाही. रोज संध्याकाळी विहारातली अभ्यासिका तो उघडतो, झाडतो, पोरांचे दिवे-पंखे बघतो. परीक्षा जवळ आली की वस्तीबाहेरची पोरंही तिथेच येऊन बसतात. म्हणजे मी ज्याला ताटं फेकायला लावली, तो माणूस रोज सतरंज्या अंथरत होता.

हेडसर आतून आले. त्यांनी फाइलीवरून विषय वळवला आणि म्हणाले, ते जाऊ द्या, पण गैरहजेरी तर खरी आहे ना? खोलीत सगळे पुरुष. तिने पदर सावरला आणि सरळ हेडसरांकडे बघत बोलली.

“पोरींच्या संडासाले आतून कडी नाही. नळाले पाणी नाही. त्या दिवसांत पोरगी इथं कशी थांबन, तुमीच सांगा.”

त्या दारावरून मी तीन महिने रोज जात होतो. पोरी तिकडे नेहमी जोडीने जायच्या, एक आत, दुसरी बाहेर दार धरून. हे मी पाहिलंही होतं. माझ्या निरीक्षण वहीत त्याची नोंद आहे: ‘मुलींमध्ये सहकार्याची भावना दिसून आली.’

दुपारी हजेरीपुस्तक पुन्हा काढलं. आठवी, नववी, दहावी. महिन्याला चार-पाच दिवस, पोरीमागून पोरी. सरपंचाची पुतणीही. सगळं निळ्या शाईत लिहिलेलं होतं आणि मी त्यात दारू शोधत होतो. हेडसरांना विचारलं, तर म्हणाले, मागणी केलेली आहे, अनुदान यायचं आहे. एका कडीसाठी अनुदान. मला इतका संताप आला की हातातलं पेन मोडलं, आणि मग शाईने माखलेला शर्ट घालून पुढचे दोन तास घ्यावे लागले. पोरं हसत होती. हसणारच.

संध्याकाळी फाइल घेऊन तिच्या घरी गेलो. बापाने खुर्ची दिली, पाणी दिलं, चहा सांगितला. मी माफी मागायला लागलो तर म्हणाला, आधी वाचू द्या. सगळी फाइल पहिल्या पानापासून शेवटपर्यंत सावकाश वाचली. मला वाटलं, आता शिवी येईल. आली असती तर बरं झालं असतं.

त्याने विचारलं, “सर, यात माह्या पोरीबद्दल काय हाय?”

काहीच नव्हतं. तिला गणित आवडतं की भूगोल, एवढंसुद्धा नव्हतं. मुलगी चौकटीला टेकून उभी होती. माझ्याशी एक शब्द बोलली नाही.

त्या रात्रीत मी दुसरा अभ्यास लिहिला. समस्याग्रस्त घटक: शाळा. कारण: कडी नसणे. सोबत तिन्ही वर्गांच्या हजेरीचा तक्ता. मॅडमनी तो हातातही घेतला नाही. गुण पाठवून झालेत, आता वाद कशाला, म्हणाल्या. हेडसरांनी मात्र नीट वाचला. मी सांगितलं, पहिली फाइल सपशेल खोटी आहे, तिचं नाव परत घाला.

“खोटी व्हती तं दिली काऊन बे?” ते ओरडले. प्रश्न बरोबर होता. मग आवाज खाली आणून म्हणाले, “तक्त्याचं पान काढून टाक. नाव घालतो.”

मी पान काढलं. त्यांनी माझ्यासमोर यादीत एकविसावं नाव लिहिलं. जागा वीस आहेत हे अचानक कोणाच्या लक्षात राहिलं नाही. पोरीला वर्ग मिळाला, पण त्या पानाचा राग अजून गेलेला नाही. ना त्यांच्यावरचा, ना माझ्यावरचा. मी एवढ्या आवेशाने गेलो आणि दोन मिनिटांत सौदा करून आलो.

आता पान नाही म्हणजे कडीही येणार नाही, हे उघड होतं. रविवारी मोताळ्याहून कडी, स्क्रू आणि पेचकस आणला आणि शिपाईकाकांकडून फाटकाची किल्ली घेतली. शाळेत चिटपाखरू नव्हतं. तरी मुलींच्या संडासात पाय टाकायची मला लाज वाटली. बाहेरच उभा राहिलो, घाम गाळत सहाही स्क्रू आवळले, दार ओढून, कडी सरकवून चार वेळा तपासलं. इतकं पक्कं काम मी आयुष्यात केलं नव्हतं.

सोमवारी मधल्या सुट्टीनंतर आठवीच्या तासाला फळ्यावर तारीख लिहीत होतो. ती मुलगी दारात आली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच माझ्याशी बोलली, तेही सगळ्या वर्गादेखत.

“सर, कडी बाहेरून लावली तुमी. हेबी कोणाची फाइल पाहून केलं काय?”