मानेशी बोलणारा माणूस

आमच्या ह्यांना गल्लीत सगळे ‘रेडिओ’ म्हणतात. सलूनचं शटर वर गेलं की हे सुरू. खुर्चीत गिऱ्हाईक, मागे हे, हातात कात्री आणि तोंडाला विश्रांती नाही. जगातल्या कुठल्याही विषयावर ह्यांचं मत तयार असतं आणि न विचारता मिळतं. पण याच माणसाला चार लोकांसमोर उभं करा, तोंडातून शब्द फुटेल तर शपथ! मुलीच्या लग्नात पाहुण्यांचे आभार मानायचे होते, तर हे ‘गॅस संपलाय का बघून येतो’ म्हणून जे गेले, ते जेवणं उरकल्यावरच उगवले.

ह्याचं कारण मला लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी कळलं. हा माणूस मानेशी बोलतो. पुढ्यात मान असली की जीभ सुरळीत चालते, डोळे आले की कारभार आटोपला. दुकानातही आरशातल्या चेहऱ्याकडे हे सहसा बघतच नाहीत. घरातसुद्धा महत्त्वाचं काही सांगायचं असेल तर माझी पाठ वळायची वाट बघतात. दुकानासमोर झालेल्या बसच्या अपघाताचं खरं काय ते मला असंच कळलं. मी भांडी घासत होते.

“त्या ड्रायव्हरची चूक नाही गं,” मागून आवाज आला. “मी दुकानातल्या आरशात सगळं पाहिलं. बस आपल्या बाजूनंच चालली होती. पोरगं मोबाइलमध्ये बघत स्कूटर घेऊन मधे घुसलं.”

पोरगं म्हणजे आमच्या शेजारच्या टेलरचा मुलगा. पाय मोडून हॉस्पिटलात पडला होता. गल्लीनं ड्रायव्हरला केव्हाच दोषी ठरवलं होतं. डेपोनं त्याला तात्पुरतं घरी बसवलं होतं आणि चौकशी झाली की नोकरी जाणार, हे सगळे धरूनच चालले होते. धाडकन आवाज झाल्यावर वळून बघणारे पुष्कळ होते, पण त्याच्या आधीचं पाहिलेला माणूस एकच, आणि तो माझ्या स्वयंपाकघरात उभा होता.

“मग जाऊन सांगा की!” मी साबणाच्या हातांनीच वळले. वळले तिथेच चुकलं. हे चप्पल घालून बाहेर.

मी सोडते होय! ड्रायव्हरच्या बायकोला मीच जाऊन सांगितलं आणि साक्षीदार म्हणून ह्यांना बोलावणं आलं. त्या दिवसापासून ह्यांनी माझ्याशी अबोला धरला. वस्तरा कपाटात, दाढ्या बंद, नुसते केस कापायचे. दुकानातला रेडिओही बंद पडला. मला वाईट वाटत होतं, खोटं कशाला सांगू, पण रागच जास्त येत होता. तिकडे एक संसार उघड्यावर पडायची वेळ आली होती आणि ह्यांना स्वतःच्या घशाची काळजी.

चौकशी डेपोच्या हॉलमध्ये होती. टेबलामागे साहेब, समोर खुर्च्यांच्या रांगा, भिंतींना टेकूनही माणसं उभी. ड्रायव्हर कोपऱ्यात, साध्या कपड्यांत, हात मांडीवर ठेवून बसलेला. पहिल्या रांगेत टेलर. त्याची नजर चुकवून मी मागे जाऊन बसले.

ह्यांना माइकपाशी उभं केलं. तोंड लोकांकडे. ह्यांनी ओठ उघडले, मिटले. शर्ट पाठीला चिकटला. कुणीतरी खोकलं.

“बोला,” साहेब म्हणाले. थोडं थांबून पुन्हा, “तुम्ही काय पाहिलंत?”

साहेबांनी शेजारच्या कारकुनाकडे बघितलं. “साक्षीदाराला काही सांगायचं नाही, असं...”

तेवढ्यात हे चालायला लागले. खुर्च्यांमधून थेट दाराकडे. पळाला हा माणूस! मी उठून दार अडवायला धावले. पण हे शेवटच्या रांगेमागे थांबले, तिथल्या एका खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी घट्ट धरली आणि म्हणाले, “कुणी वळू नका. माना सरळ ठेवा.”

दोघं-तिघं हसले. पण माना सरळ झाल्या, अगदी साहेबसुद्धा कागदात बघू लागले. आणि मग ह्यांचा दुकानातला आवाज लागला. बस कुठे होती, स्कूटर कुठून आली, मुलाच्या हातात काय होतं, सगळं. कोपऱ्यात ड्रायव्हरची मान हळूहळू वर आली. माझा जीव भांड्यात पडला.

“हे माइकवर यायला हवं,” साहेब म्हणाले. “तिकडचं रेकॉर्डिंगमध्ये येत नाही. इथे येऊन सांगा, नाहीतर मला साक्ष धरता येणार नाही.”

ह्यांनी खुर्ची सोडली. कसे चालत गेले, त्यांचं त्यांना ठाऊक. माइक धरला. पुढ्यात हातभर अंतरावर टेलरचा चेहरा.

“तुमच्या मुलाचं लक्ष मोबाइलमध्ये होतं,” हे म्हणाले. आवाज चिरका झाला होता, पण प्रत्येक शब्द ऐकू आला. “ड्रायव्हरनं ब्रेक मारला होता. त्याची चूक नाही.”

टेलर उठून उभा राहिला. वाटलं, आता हात उगारतो.

“गेल्या आठवड्यात माझे केस कापलेत तुम्ही,” तो म्हणाला. “तासभर माझ्या मागे उभे होतात. तेव्हा का नाही बोललात?”

हे खाली बघतील, असं मला वाटलं. बघितलं नाही.

“आरशात तुमचा चेहरा दिसत होता.”

टेलर उभाच होता. त्याचा ओठ थरथरत होता आणि तो ह्यांच्याकडे नुसता बघत होता, आणि हेही त्याच्याकडे. माझे डोळे भरून आले, लाज वाटली नाही.

मग टेलर साहेबांकडे वळला.

“लिहून घ्या,” तो म्हणाला आणि खाली बसला.