कापलेल्या तागावर

आमच्या मागच्या अंगणाला लागूनच भाजीचा तुकडा आहे, सांडोरला. दर पावसात तिथे ताग पेरायचा, कापायचा, चार दिवस तसाच पडू द्यायचा आणि मग मातीत गाडायचा. हे खत सासूबाईंनी शिकवलेलं. यंदा सप्टेंबरात मावलीचा सण झाला तसा कापला. दुसऱ्या सकाळी बघते तर सुकत्या तागावर काळी फुलपाखरं, ही एवढी! हुसकलं तरी उठेनात.

मला नाही बाई फुलपाखरांचं कौतुक. गेल्या वर्षी दोन पांढरी भिरभिरली आणि महिन्याभरात कोबीची चाळण झाली. यंदाची रोपं तर शेजारच्याच वाफ्यात. पहिला संशय जावेवर. तिची वाडी कुंपणापलीकडे.

"काय गं, औषध मारलंस ना काल? तुझी कीड माझ्याकडे हाकललीस?"

"हो तर! एकेकीच्या कानात सांगितलं, जा तिकडे."

मी फवारणीचा पंप काढला. सून आडवी आली. शाळेत विज्ञान शिकवते ती. फोटो काढून फोनमध्ये बघितलं.

"आई, हे ब्लू टायगर. हे फिकट निळे ठिपके बघा. लांबचा प्रवास करतात ही. सुकल्या तागातलं काहीतरी चोखायला थांबलीत. कोबीला हात लावणार नाहीत."

"हाच फोन परवा माझ्या अळूला रताळं म्हणाला."

पण भरला नाही पंप. हाताशी ठेवला. तीन दिवस चष्मा लावून रोपांचं पान न् पान उलटलं, कारण अंडी असतात ती पानाखाली, चोरासारखी. एक सापडेना. हिरव्या पानाकडे कुणी बघतच नव्हतं. मध्ये काही तपकिरी दिसली, कडेला पांढरे ठिपके.

"ही कोण आता?"

"कॉमन क्रो. तीही प्रवासीच."

"म्हणजे सोबतीण पण घेऊन आली."

चौथ्या दिवशी ताग गाडायलाच हवा होता. अर्धा गाडला. उरलेला, फुलपाखरांसकट, हळूच ओढून कुंपणाशी ठेवला आणि कोबी लावला. पंप माळ्यावर गेला.

संध्याकाळी जाऊ कुंपणाशी हजर. "खरं सांग, काय शिंपडलंस? माझ्याकडे एक फुलपाखरू फिरकत नाही."

"नुसता ताग आहे. घे, ने एक पेंढी."

तिने पेंढी दोन्हीकडून हुंगली, एक देठ मोडून बघितला, माझ्या तोंडाकडे बघितलं, आणि मगच काखेत मारली.